सामाईक भिंत

आमच्या भट्टीची पाठ म्हणजेच माझ्या नणंदेच्या खोलीची भिंत. अलीकडे आमची बेकरी, पलीकडे वन्संचं रफूचं दुकान. आमचं दार मोठ्या रस्त्यावर उघडतं, त्यांचं कोपऱ्यावरून वळलं की बोळात. एकेकाळी ही सगळी मिळून एकच जागा होती, माझ्या सासऱ्यांची. ते गेल्यावर वाटणी झाली, मधे भिंत उभी राहिली, आणि भाऊ-बहीण एकमेकांशी बोलायचे थांबले ते थांबलेच.

भांडण जागेवरून किंवा दागिन्यांवरून झालं असतं तर मी समजू शकले असते. ते झालं पावावरून. सासरे गेले ती पहाटेची वेळ. पीठ रात्रीच मळलेलं, आंबून वर आलेलं, आणि इस्पितळातल्या रुग्णांचा सकाळचा पाव आमच्याकडून जायचा. हे उठले, डोळे पुसले आणि भट्टीपाशी जाऊन उभे राहिले. नवरा वारल्यापासून वन्सं माहेरीच असायच्या. त्या जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बाप आत गार पडलाय आणि हा भट्टी तापवतोय."

ह्यांनी लाकडं आत सारली. पाव भाजला, पाठवला, मग वडिलांजवळ येऊन बसले. भट्टीपाशी उभे असताना ह्यांच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं, हे मी पाहिलं होतं. वन्संनी नव्हतं पाहिलं. पुढे मी त्यांना ते सांगितलंसुद्धा. तर म्हणाल्या, मग त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं. ह्यांना तसं सांगितलं तर म्हणाले, तिने विचारावं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्या सासरी सुंभाची राख चिमटीत घेतली तरी तिला पीळ निघाला असता.

मी दोन्हीकडे जायचे. मला कोणी अडवलं नाही आणि अडवलं असतं तरी मी ऐकणारी नव्हे. वन्सं माझ्याशी छान बोलायच्या, फक्त भावाचा विषय निघाला की सुईत दोरा ओवायला घ्यायच्या. हे त्यांच्याबद्दल कधी विचारायचे नाहीत. मी परत आले की मात्र उगाच माझ्या आसपास घोटाळायचे, पिठाचा डबा उघडायचे, बंद करायचे. मी आपणहून बोलले की ऐकायचे आणि न ऐकल्यासारखं दाखवायचे.

वन्संच्या हातात काय होतं ते सांगायला हवं. नाहीतर पुढचं सगळं म्हणजे दोन हट्टी म्हाताऱ्यांची गंमत वाटेल. कोट कुठे अडकून फाटला, शालीला कसर लागली, नव्या पँटला ठिणगी पडून भोक पडलं, की लोक त्यांच्याकडे यायचे. त्या बाहेरचा दोरा वापरायच्या नाहीत. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि भोकावर एकेक धागा आडवा-उभा विणत न्यायचा. काम झालं की त्या गिऱ्हाईकाला म्हणायच्या, शोधा आता. गिऱ्हाईक उजेडात धरून शोधायचं आणि सापडलं नाही की हसायचं. शहरात आणखी कोणी हे काम करतं, असं मी कधी ऐकलं नाही. किती कोट त्यांच्यामुळे कचऱ्यात जायचे वाचले असतील. पण ह्याला कोणी पर्यावरण वगैरे म्हणत नसे, रफूताई म्हणत.

आणि तीच बोटं त्यांच्यावर रुसली. सांध्यांचं दुखणं. हिवाळ्यात सकाळी उठल्या की दोन्ही हात मिटलेले, उघडायचं म्हटलं की जीव जायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हात उबेत ठेवा म्हणून सांगितलं. ऊब त्यांच्याकडे फुकट होती. आमची भट्टी पहाटे पेटायची, उजाडेपर्यंत पलीकडची भिंत तापायची. वन्सं खुर्ची ओढून बसायच्या, दोन्ही तळहात भिंतीला टेकवायच्या, आणि हळूहळू एकेक बोट सुटायचं. मी चहा घेऊन जायचे तेव्हा त्या तशाच बसलेल्या असायच्या, डोळे मिटून. "सुटली का?" मी विचारायचे. "अंगठा राहिलाय," म्हणायच्या. अंगठा सुटला की दुकान उघडायचं.

ह्यांना हे ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशी बेकरी बंद असली तरी थंडीत हे पहाटे खाली जायचे आणि थोडी लाकडं पेटवून यायचे. मी विचारलं तर म्हणायचे, भट्टी एकदम गार पडली की विटांना तडे जातात. उन्हाळ्यात मात्र विटांना काही होत नसे. मी मनातल्या मनात हसायचे आणि गप्प बसायचे. झाकली मूठ कशाला उघडा, असं वाटायचं. नवरा-बायकोने एकमेकांची काही सोंगं चालू द्यावीत.

मग पालिकेची ती योजना आली. आमच्या रस्त्यावरच्या दुकानदारांनी मिळून धूर, कचरा आणि पाणी कमी करायचं ठरलं. मी चेष्टा करणार नाही, कारण काम खरंच झालं. लाँड्रीवाल्याने शेवटच्या धुण्याचं पाणी साठवून पुढच्या पहिल्या धुण्याला वापरायला सुरुवात केली. भाजीवाल्या बाईंनी पाला वेगळा ठेवून खत करणाऱ्याला द्यायला घेतला. वाण्याने गिऱ्हाइकांना बरण्या घेऊन यायला सांगितलं. आधी बोंबाबोंब झाली, मग सवय झाली. सायकलवाला तर म्हणायचा, मी जन्मापासूनच योजनेत आहे, मला कोणी विचारलं नाही एवढंच.

राहिलो आम्ही. आमची भट्टी जुनी, लाकूड खायची राक्षसासारखं आणि धूर सोडायची शाळेच्या अंगावर. समोरच शाळा आहे. दोन हिवाळे हे नाही म्हणत राहिले. दुकानदार चिडले, म्हणाले, बेकरीवाला आडमुठा आहे. मला कारण माहीत होतं, पण ते ह्यांच्या तोंडून यायला हवं होतं आणि ते यायचं लक्षण नव्हतं. शेवटी शाळेच्या मोठ्या बाई आल्या. वाद घातला नाही, रागावल्या नाहीत. वर्गाच्या खिडकीवर हात फिरवून आल्या होत्या, तो काळा तळवा त्यांनी ह्यांना दाखवला आणि म्हणाल्या, आमची चिमुरडी ह्याच्यात श्वास घेतात. हे त्या हाताकडे बघून हो म्हणाले.

त्याच सुमारास माझ्या लेकीचे दिवस भरत आले आणि मी तिच्याकडे गेले. निघताना मी ह्यांना विचारलं, वन्संच्या भिंतीचं काय? म्हणाले, पालिकेच्या इंजिनिअर बाई हुशार आहेत, सगळी सोय होईल. मी सुटकेचा निःश्वास टाकला. बाळंतपण अवघड गेलं, मूल नाजूक, आणि मी हिवाळाभर तिकडेच अडकले. फोनवर हे म्हणायचे, सगळं ठीक आहे. वन्संकडे फोन नव्हता. असता तरी त्यांनीही तेच सांगितलं असतं.

परत आले तेव्हा थंडी ओसरत आली होती. भट्टी पाहून मी थक्क झाले. छोटी, देखणी, चारही बाजूंनी जाड अस्तर घातलेली, आतली ऊब आतच ठेवणारी. पूर्वीच्या निम्म्या लाकडात सगळा पाव निघायचा. धूर जवळजवळ नाहीच. शाळेच्या खिडक्या उघड्या होत्या. ह्या भट्टीला मी आजही नावं ठेवणार नाही.

सामान लावून होतंय न होतंय तोच लाँड्रीवाला आला. हातात एक राखाडी कोट. म्हणाला, काकू, हा जरा बघा. मी बघितला. बाहीवर रफू होतं आणि ते दिसत होतं. नुसतं दिसत नव्हतं, गाठाळलं होतं, कडेने कापड चुरगळलं होतं. त्याने हळूच विचारलं, रफूताईंनी हल्ली काम दुसऱ्या कुणाला दिलंय का? गिऱ्हाइकं त्याच्याकडे कुरकुरत होती, पण ताईंना तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती.

मी तशीच चपला घालून बोळात गेले. दार लोटलेलं होतं. वन्सं अंगावर दोन शाली घेऊन बसल्या होत्या आणि समोर पातेल्यात गरम पाणी होतं, त्यात हात बुडवलेले. मला पाहून त्यांनी हात बाहेर काढून पदराखाली घेतले. आधी बाळाची चौकशी केली. लेकीला दूध येतं का विचारलं. मी उत्तरं देत देत भिंतीपाशी गेले आणि हात लावला. भिंत गार होती. बाहेरच्या भिंतीसारखीच गार.

"कधीपासून?" मी विचारलं.

"भट्टी बदलली तेव्हापासून." त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. "बरोबरच आहे. त्याची भट्टी, त्याची ऊब. इतकी वर्षं दिली हेच खूप झालं. आता त्याने तोडलं."

मी म्हटलं, अहो तोडलं नाही, ती भट्टीच तशी आहे, सगळीकडून झाकलेली. त्यांनी मान हलवली. त्यांना एवढंच विचारायचं होतं की इतके दिवस उलटले, शेजारी राहून एकदा तरी त्याने चौकशी केली का. निघताना मी त्यांचे हात पदरातून ओढून काढले. बोटं आत वळली होती आणि पेरांवर गाठी आल्या होत्या. मी त्यांच्या मोठ्या वहिनीसारखी रागावले, खरं तर मी लहान. मग रडले. त्या माझी समजूत घालत बसल्या.

घरी येऊन मी ह्यांना धारेवर धरलं. सोय होईल म्हणाला होतात, कुठे आहे सोय? हे पीठ चाळत होते, चाळतच राहिले. मी चाळणी काढून घेतली. तेव्हा कुठे बोलले, तेही तुकड्या-तुकड्याने. इंजिनिअर बाईंनी काम सुरू करायच्या आधी विचारलं होतं की ह्या भिंतीपलीकडे कोणाला ह्या उष्णतेचा उपयोग होतोय का. होत असेल तर एक नळी काढून देता येईल, दुसऱ्या शहरात त्यांनी तसं करून दिलं होतं, बेकरीच्या उबेवर शेजारचं शिवणघर चालतं म्हणे. इतकं सरळ विचारलं होतं.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"कोणी नाही म्हटलं."

हे जमिनीकडे बघत पुढे म्हणाले, नळीचं तोंड मात्र ठेवून घेतलं आहे, तिच्या बाजूने भिंतीत एक वीट सैल आहे, ती काढली की झालं. बाईंना सांगितलं, पुढेमागे लागलं तर असू दे. म्हणजे सगळं तयार होतं. हिवाळाभर एक वीट काढायची राहिली होती.

"मग काढली का नाहीत?"

"मला वाटलं, ती येईल." हे म्हणाले. "भिंत गार पडली की तणतणत येईल. दार बडवेल. म्हणेल, काय रे, भट्टी झाकून घेतलीस, लाज नाही वाटत? लहानपणी अशीच यायची. एकदा भांडायला आली असती की मी..."

रोज पहाटे हे दाराकडे कान लावून पीठ मळत होते. त्या रोज सकाळी गार भिंतीपाशी बसून दार वाजायची वाट बघत होत्या. दोघांनाही खात्री होती की पुढचं पाऊल दुसऱ्याचं आहे. मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा पाहिला आहे आणि त्यातला थोडा केलाही आहे, पण ह्या दोघांची बरोबरी नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्याच वेळी त्या माणसाला जवळ घ्यावंसं वाटत होतं.

मी म्हटलं, उठा. हातोडी घ्या. मी पुढे जाणार नाही, निरोप सांगणार नाही, मध्यस्थी करणार नाही. हे उठले. अंगावरचं पीठ झटकलं, आरशात पाहिलं, पुन्हा झटकलं. बोळातून चालताना इतके सावकाश चालले की मागून येणारा सायकलवाला म्हणाला, काका, वरात निघाली का? ह्यांनी ऐकलं नाही.

दारात उभे राहून म्हणाले, "ताई, येऊ का?"

वन्संनी वर पाहिलं. भावाला इतक्या जवळून त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. ह्यांचे केस पिकलेले होते, त्यांचेही. "दार उघडंच आहे," त्या म्हणाल्या. "हिवाळाभर उघडंच होतं."

हे आत गेले आणि गुडघे टेकून भिंतीवर हात फिरवत वीट शोधू लागले. सापडल्यावर हातोडीने कडेने ठोकली आणि ओढून काढली. मागे लोखंडी नळीचं तोंड होतं. थोड्या वेळाने तिथून ऊब यायला लागली, पहिल्यांदा अगदी बारीक, मग चांगली. ह्यांनी खुर्ची सरकवून दिली. वन्संनी हात पुढे धरले. मी दाराशी उभी राहून देवाला की कुणाला, मनातल्या मनात विनवत होते.

त्या दिवशी ह्यांनी बेकरी माझ्यावर सोडली आणि तिथेच बसून राहिले. दुपारी मी दोघांना पाव आणि चहा नेला. तोवर त्यांचं बोलणं सुरू झालं होतं. वडिलांच्या त्या पहाटेबद्दल ह्यांनी सांगितलं असावं, कारण वन्संचे डोळे लाल होते आणि त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, मला दिसलंच नाही रे, तू पाठमोरा होतास. हे म्हणत होते, असू दे, असू दे. हात मात्र उबेसमोर तसेच होते, मिटलेले.

दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही हे जाऊन बसले. इंजिनिअर बाईंना कळलं तेव्हा त्या धावत आल्या, नळीला जाळी बसवून गेल्या, ऊब कमी-जास्त करायची सोय करून दिली. जाताना मला एवढंच म्हणाल्या, काकू, मी पुन्हा एकदा विचारायला हवं होतं. मी म्हटलं, तुम्ही विचारलंत ते पुरेसं होतं. डॉक्टर येऊन गेले. त्यांनी बोटं दाबून पाहिली, वाकवून पाहिली आणि सांगितलं की सांधे आखडून तसेच धरले आहेत. ऊब चालू ठेवा, बरं वाटेल. सुईबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही आणि वन्संनी विचारलं नाही.

सगळ्या रस्त्यावर बातमी पसरली की बेकरीवाला आणि रफूताई बोलायला लागले. लोकांना फार आनंद झाला. भाजीवाल्या बाईंनी फुलं पाठवली. लोक मला रस्त्यात थांबवून म्हणत, बरं झालं हो, गोड झालं शेवटी. मी मान डोलवायचे. काय सांगणार?

एका संध्याकाळी मी दिवा लावायला वन्संकडे गेले. खोली उबदार होती, इतकी की मी शाल काढून ठेवली. हे खाली बसले होते आणि त्यांनी वन्संचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता. ह्यांचे हात जाडजूड, भाजल्याचे डाग पडलेले, कायम गरम. पीठ मळताना जसं हलकेच दाबतात तसं दाबून हे पहिलं बोट उघडायचा प्रयत्न करत होते. बोट जरासुद्धा हललं नाही.

"दुखतंय का, ताई?"

"नाही." त्यांनी हात सोडवून घेतला नाही. "आता दुखत नाही. दुखत होतं तोवर उघडत होती रे."

हे तसेच हात धरून बसले. बाहेर बोळात कोणाच्या तरी चपला वाजल्या. एक बाई फाटकी शाल घडी करून छातीशी धरून उभ्या होत्या आणि दुकान उघडं आहे का म्हणून आत डोकावत होत्या. मी दार मागे ओढून घेतलं आणि त्यांना सांगायला बाहेर गेले.